न झिजलेली रकाबी

दौलत कल्हईगर दिवसातला बराच वेळ दिसतच नसे. कल्याणच्या बाजारात, जिथे तांबटांची दुकाने संपतात आणि खाडीकडे उतरणारी वाट सुरू होते, तिथे त्याचे बसण्याचे ठिकाण होते. चार वासे, वर झाप, जमिनीत पुरलेली भट्टी आणि बकऱ्याच्या कातड्याचा भाता, एवढाच पसारा. तापलेल्या भांड्यावर त्याने नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठे आणि माणूस, भट्टी, भाता सगळे त्यात विरघळून जाई. मग त्या धुरातून आधी कथलाने न्हालेले एखादे पातेले उजळत बाहेर येई, त्यामागून दौलतचा हात, आणि सर्वांत शेवटी त्याची मेंदी लावलेली दाढी. हे वर्णन दोन वेगवेगळ्या घरांतून जवळजवळ याच क्रमाने मिळते. म्हणून ते खरे मानायला हरकत नाही.

लेखी पुरावा मात्र थोडा आहे. ज्या मदरशाशी दौलतचा संबंध आला त्याच्या दोन वह्या उरल्या आहेत. एकीत कोणत्या मुलाचे जेवण कोणत्या घरी हे लिहिलेले आहे, दुसरीत वार्षिक परीक्षेचे शेरे. बाकी जे काही आहे ते दोन घराण्यांच्या आठवणींत: एक दौलतचा शेजारी विश्राम तांबट याचे, दुसरे रुकय्याबी नावाच्या कोकणी मुसलमान बाईचे. आज सांगणारी माणसे चौथ्या पिढीतली आहेत आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. तरीही दोघांच्या सांगण्यातला एक उन्हाळा सारखा आहे. वह्यांशी ताडून पाहता तो १८८६चा असावा.

मदरसा शेणाळे तळ्यापासून फार दूर नव्हता. मुरबाड, शहापूर आणि खाडीपलीकडच्या गावांतून आलेली बावीस मुले तिथे राहून शिकत. उजाडण्याआधी मदरशाच्या वाडग्यांत पेज मिळे आणि शुक्रवारी पानावर जमातीच्या हंड्यातले जेवण. एरवीचे मुख्य जेवण गावातून येई. प्रत्येक मुलाला एक घर नेमून दिलेले असे. उतरत्या उन्हातली असरची नमाज झाली की मुलाने आपली तांब्याची रकाबी घेऊन त्या घराच्या दारात जायचे आणि पडद्याबाहेर उभे राहून मोठ्याने सलाम करायचा. आतून बाईचा हात येई, रकाबी घेई, भरून परत देई. पडदा सरकत नसे. मुलाने बाईला पाहिलेले नसे, बाईने मुलाला नसे. वर्षानुवर्षे ती दोघे एकमेकांना केवळ आवाजाने ओळखत.

दर चार महिन्यांनी सगळ्या रकाब्या कल्हईसाठी दौलतकडे येत. काठावर खिळ्याने ठोकलेली खूण असे, कुणाची चांदणी, कुणाची तीन टिंबे, कुणाची मासोळी. चार महिन्यांचा भात आणि चार महिन्यांची बोटे यांनी मधली कल्हई झिजून खालचे तांबे लाल दिसू लागे. रमजान दोन महिन्यांवर आला असताना त्या वर्षी रकाब्या आल्या, तेव्हा एकवीस रकाब्या अशा लालसर होत्या. मासोळीची खूण असलेली एकच रकाबी थंडीत निघाली तशीच पांढरीशुभ्र होती. तिच्यात आभाळ दिसत होते आणि त्यातून एक घार संथपणे फिरत होती.

याचा जो अर्थ दौलतला लागला तो कोणत्याही कारागिराला लागला असता.

"विश्रामभाऊ! ए विश्रामभाऊ, ठेव तो हातोडा. हे बघ."

विश्राम समोर बसून मोठा हंडा मठारत होता. त्याने मुद्दाम आणखी दोन ठोके घातले. "काय ते?"

"थंडीतली कल्हई. चार महिने झाले. एक ओरखडा दाखव."

"नाही दिसत. मग?"

"मग काय? असा हात ठाण्यापर्यंत आहे का कुणाचा?"

"पनवेलपर्यंत नाही. झालं समाधान? आता ठोकू दे मला."

दोन दिवस दौलतने ती रकाबी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवली. तिसऱ्या दिवशी एका बोहऱ्याला तो पुन्हा तेच सांगू लागला, तेव्हा विश्रामचा धीर सुटला.

"मियाँ, माझ्या बायकोच्या माहेरचं ताट आहे आमच्या फडताळात. पंधरा वर्षं झाली. त्याचीसुद्धा कल्हई गेलेली नाही, कारण त्यात कुणी जेवलेलंच नाही. तुझ्या या रकाबीत कोण जेवतं, ते विचारलंस का कधी?"

बोहरी हसला. दौलतने रकाबी खाली ठेवली. त्या दुपारी त्याने एक पातेले इतके तापवले की त्याचा काठ वाकला, असे विश्रामच्या घरी सांगतात; ते पातेले कुणाचे होते हेही सांगतात, पण त्या नावावर एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी रकाब्या पोचवायला तो स्वतः गेला. त्या ओट्यावर मांडून खांबापाशी उभा राहिला. मुले आली, आपापली खूण शोधून गेली. मासोळीची रकाबी शेवटपर्यंत पडून होती. सगळे पांगल्यावर एक उंच, वाळलेला मुलगा भिंतीला धरून आला आणि झाडावरचे फळ चोरावे तशी ती उचलून गेला.

त्याचे नाव इद्रिस. वय चौदा. मुरबाडपलीकडच्या एका खेड्यातून त्याच्या मामाने त्याला थंडीत इथे आणून सोडले होते. गावच्या मशिदीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून त्याने कुराणाचे बारा भाग मुखोद्गत केले होते, आणि उरलेले अठरा पुरे करावेत याखेरीज त्याला दुसरी इच्छा नव्हती. एकटा असला की तो तासन्‌तास म्हणे. पण समोर माणूस आला, किंवा माणूस असेल असा पडदा जरी आला, की काय होई ते त्याने पुष्कळ वर्षांनी रुकय्याबीला सांगितले होते. गल्ली लांब लांब होत जाई. पायांखालची वाट पाण्यासारखी हलू लागे. दाराचा पडदा पुढे येतो आहे की आपण मागे जातो आहोत हे कळत नसे. आणि सलामाचा शब्द घशात मासा अडकावा तसा वळवळे, वर येत नसे. पहिल्या दिवशी तो असाच उभा राहून परतला. दुसऱ्या दिवशी तो दारापर्यंत गेला नाही. मग रोज असरनंतर तो रिकामी रकाबी घेऊन तळ्याकाठच्या चिंचेखाली बसे, पडलेल्या चिंचा खाई, आणि इतर मुले परतू लागली की रकाबी पाण्यात खळबळून त्यांच्यामागून येई.

एवढ्यावर त्याची उपासमार कुणाच्या तरी लक्षात आली असती. ती आलीही, पण उलट्या बाजूने. मदरशाचे प्रमुख मौलवी जैनुद्दीन यांनी एकदा त्याला तळ्याकाठी पाहिले. सडपातळ देह, सुकलेले ओठ, धुतलेली रकाबी. त्यांनी विचारले, "रोजा आहे का बेटा?" इद्रिसने होकारार्थी मान हलवली. बोलण्यापेक्षा मान हलवणे सोपे होते. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारले, त्याने पुन्हा मान हलवली. मौलवीसाहेब सरळ मनाचे होते. पुढच्या शुक्रवारी नमाजीनंतर त्यांनी साऱ्या जमातीसमोर सांगितले की आपल्या मदरशात चौदा वर्षांचा एक मुलगा आहे, जो कुणाला न सांगता नफल, म्हणजे स्वखुशीचे, रोजे ठेवतो. शंभर माथी एकदम त्याच्याकडे वळली. शिवाय, रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात जमातीच्या वडीलधाऱ्यांसमोर जी परीक्षा होते, तिची सुरुवात हाच मुलगा करील, असेही त्यांनी जाहीर केले. कोणती मुले पुढल्या वर्षी राहतील आणि कोणती घरी परततील, हे त्याच परीक्षेत ठरत असे.

म्हणजे इद्रिस तिथे उभा राहून गप्प राहिला तर त्याचे शिकणे संपणार होते; आणि त्याचे रोजे खोटे आहेत हे कुणी सांगितले तर ते त्याहून लवकर संपणार होते. हातात पंचवीस दिवस होते.

दौलतने मुलाला काही विचारले नाही. तो मौलवीसाहेबांकडे गेला.

"असरनंतर भाता ओढायला एक पोरगा हवा. तो लांबडा द्या."

"इद्रिस? दौलत, रोजेदार मुलाला आगीजवळ बसवतोस?"

"सावलीत बसवीन, साहेब. भाता लांब आहे माझा."

इद्रिस आला. दौलतने त्याला रस्त्याकडे पाठ करून बसवले. समोर भट्टी, भट्टीपलीकडे भिंत. मागून बाजार वाहत होता, बैलगाड्या, मिठाच्या गोणी, आगगाडीवरून उतरलेली माणसे. पण तो नुसता आवाजांचा झरा होता, त्यात कुणालाच चेहरा नव्हता. भाता श्वास घेई, सोडी. पहिल्या दिवशी दोघांत एकही शब्द झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दौलतने भाकरी आणि परतलेली सुकट पानावर काढून दोघांच्या मधे ठेवली. इद्रिस तिच्याकडे पाहीना.

"रोजा आहे?" असे दौलतने विचारले नाही. तो निखाऱ्यांशी बोलल्यासारखे म्हणाला, "इथं बघणारा एक मी. आणि मला धुरात काही दिसत नाही."

त्याने नवसागर टाकला, नेहमीपेक्षा जास्त. धूर उठला, झापांना लागला, खाली आला. त्या पांढऱ्या अंधारात किती वेळ गेला हे कुणी मोजलेले नाही. धूर विरला तेव्हा पान रिकामे होते आणि इद्रिस खोकत भाता ओढत होता. खोकला धुराचा होता की रडण्याचा, याविषयी विश्रामच्या घरचे लोक निश्चितपणे सांगतात. परंतु विश्राम त्या वेळी समोरच्या बाजूला होता आणि धूर मध्ये होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

असे पाच-सहा दिवस गेले. मग एके दिवशी विश्राम हंडा मठारू लागला. पोकळ तांब्यावर लाकडी हातोडा पडला की शेजारच्या माणसाचा स्वतःचा शब्दही स्वतःला ऐकू येत नाही. दौलत इद्रिसच्या कानाशी वाकला.

"आता म्हण तुझं पाठ केलेलं."

इद्रिसने मान हलवून नकार दिला.

"अरे, कोण ऐकणार आहे? त्या तांबटाच्या कानात तीस वर्षांपासून घंटा वाजतात. मी कल्हई करतोय. अल्लाला ऐकू जाईल, त्याची तुला भीती आहे का?"

इद्रिसचे ओठ हलू लागले. ठोक्यांच्या त्या भिंतीआड तो म्हणत राहिला, आणि भाता आपोआप त्याच्या श्वासाबरोबर चालू लागला. कथील निवत आले की पाण्यात बुडवायचे, तेव्हा दौलत थांबे. पण मुलगा थांबत नसे. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही. विश्रामला अक्षर कळत नव्हते, पण ओठ हलत आहेत तोवर ठोकत राहायचे एवढे त्याला कळले होते. त्या हंड्याचे काम पहिल्याच दिवशी संपले होते. तो उगाच ठोकत होता, आणि हंड्याचा मालक रोज येऊन शिव्या देऊन जात होता.

"झाला का हंडा?"

"पोट जरा बसायचंय."

"त्याचं पोट बसेपर्यंत, विश्राम, माझ्या लेकीचं लग्न मोडेल!"

पाचव्या दिवशी विश्रामचा हात दुखून आला. त्याने तंबाखू मळायला हातोडा खाली ठेवला. बाजारावर एकाएकी शांतता पडली. उतरते ऊन जणू तळहातावर घेतल्यासारखे स्थिर झाले. त्या शांततेत इद्रिसचा आवाज चालूच होता. खोल, किंचित थरथरणारा, एखाद्या दूरच्या विहिरीतून रहाट ओढावा तसा. समोरच्या दुकानातली दोन माणसे वळून पाहू लागली. तीन-चार आयतींनंतर त्याच्या लक्षात आले आणि तो तुटल्यासारखा थांबला.

विश्राम तंबाखू तोंडात टाकत म्हणाला, "थांबू नकोस रे. मला घाई नाही."

इद्रिस पुढे म्हणाला नाही. पण तो पळूनही गेला नाही.

या यशाने दौलत चढून गेला आणि त्याने चूक केली. रुकय्याबीची दोन भांडी कल्हई होऊन पडली होती. तीच रुकय्याबी, जिचे घर इद्रिसला नेमलेले होते. परीक्षेला सहा दिवस उरले असताना त्याने ती भांडी इद्रिसच्या हाती दिली आणि म्हणाला, "जा, सलाम कर, देऊन ये. एवढंच." इद्रिस गेला. गल्ली लांब होत गेली. पडद्यासमोर त्याने भांडी ठेवली, ती एकमेकांवर आपटली, आतून आवाज आला, "कोण आहे?" आणि तो धावत सुटला. तो दुकानात आला नाही, मदरशात गेला नाही. दिवेलागणीला दौलतला तो तळ्याकाठी सापडला.

तोवर रुकय्याबी बुरखा घेऊन स्वतः दुकानात येऊन गेली होती. खाडीवरच्या होडीवाल्याची ही बायको तोंडाने फटकळ म्हणून माहीत होती.

"तुझ्या माणसाला तोंड नाही का दौलतभाई? भांडी काय कुत्र्याला टाकतात तशी टाकून गेला!"

"पोरगा लाजतो, बहेन."

"सगळे माझ्याच दारात कसे लाजतात? मदरशातून एक पोर नेमून दिलंय मला. थंडीपासून रोज दोन मुठी तांदूळ जास्त टाकते. कुणी येत नाही. होडीवाल्याच्या घरचा भात घशाखाली उतरत नसेल त्याच्या."

"मग मौलवीसाहेबांना विचारलं नाहीस?"

"मी कशाला विचारू? त्याला नको, तर मला काय गरज!" असे म्हणून ती गेली. तिच्या आवाजात रागाखाली दुसरे काहीतरी होते. चार महिने ती रोज असरनंतर पडद्याआड भात घेऊन बसत होती आणि पलीकडून कुणी हाक मारत नव्हते, हे दौलतला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते.

तळ्याकाठी तो इद्रिसच्या शेजारी बसला. पाण्यावर संध्याकाळ पसरत होती आणि काठ कुठे संपतो ते दिसेनासे झाले होते. त्याने रागावण्याऐवजी रुकय्याबीचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. इद्रिसने वळून विचारले. दौलतशी बोललेले त्याचे पहिले पूर्ण वाक्य हेच असावे.

"तिला वाटतं मला तिचा भात नको?"

"मग काय वाटेल?"

"मी रोजे ठेवत नाही, चाचा."

"ते मला रकाबीनं सांगितलं. मौलवीसाहेबांना सांगणं तुझं काम. मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी दौलत पुन्हा मौलवी जैनुद्दीन यांच्यासमोर उभा राहिला. त्याला एक विनंती करायची होती: परीक्षेत इद्रिसला वडीलधाऱ्यांकडे तोंड करून उभे करू नये.

"परीक्षेत तोंड दिसायला हवं, दौलत. ती रीत आहे."

"साहेब, तीस वर्षं तुमच्या मागं नमाज पढतोय. नमाजीत तुमचं तोंड एकदाही पाहिलेलं नाही. तुम्ही किब्ल्याकडे बघता, आम्ही तुमच्या पाठीकडं. तरी तुम्ही म्हणता ते खरंच म्हणता, यावर माझा भरवसा आहेच ना?"

मौलवीसाहेब हसले. "कल्हईगर, तू मदरशात का नाही आलास?"

"भांडी कुणी केली असती?"

परवानगी मिळाली.

परीक्षा दुपारच्या नमाजीनंतर अंगणात झाली. सतरंज्यांवर जमातीचे वडीलधारे, त्यांच्यामागे मुले, अगदी मागे चपलांपाशी दौलत. ऊन इतके पांढरे होते की भिंती हलताना दिसत होत्या. इद्रिस पश्चिमेकडे, किब्ल्याच्या म्हणजे काब्याच्या दिशेला, तोंड करून उभा राहिला. समोर चुन्याची भिंत, तिच्यावर एक पाल. त्याने सुरुवात केली. आवाज प्रथम भिंतीपर्यंतही पोचत नव्हता, मग पोचला, मग भिंतीवरून परतून सगळ्या अंगणात भरला. माणसे पंखे हलवायची थांबली. एका ठिकाणी तो अडखळला. मागून एका मुलाने पुढचा शब्द हळूच दिला, जसा नमाजीत इमामाला देतात, आणि त्याने तो शब्द उचलून पुढे नेला. परीक्षेच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिले आहे: "किब्ल्याकडे तोंड करून म्हटले. एके ठिकाणी अटकला, सावरला." त्या वहीत असा शेरा त्याआधी कुठेही नाही.

इथे सगळे संपायला हरकत नव्हती. पण तांदळाचे व्यापारी असलेले एक वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, "माशाल्लाह. अखंड रोजे ठेवणाऱ्या मुलाचा आवाज असाच असणार." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मौलवीसाहेबांनी मुलाला बसायची खूण केली.

इद्रिस बसला नाही. तो वळला. भिंत, पाल, चुना सगळे त्याच्या पाठीमागे गेले आणि समोर ती सगळी तोंडे आली.

"मी रोजे ठेवले नव्हते," तो म्हणाला. "मला दारात हाक मारता येत नव्हती. मी उपाशी होतो."

मग एक जण म्हणाला, "मौलवीसाहेब, हे पोर चार महिने खोटं बोललं?"

"बोललं असतं तर बरं झालं असतं," मौलवी जैनुद्दीन म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ते बोललंच नाही. मी त्याला असा प्रश्न विचारला की नुसती मान हलवून भागेल, आणि उत्तर मला आवडलं म्हणून दुसरा प्रश्न विचारला नाही. गावभर त्याचं कौतुक केलं ते मी. शिक्षा द्यायची तर दोघांना द्या."

वृद्ध व्यापारी मुलाकडे वळले. "आता बोलला ना?" ते म्हणाले. "ते पण आमच्या तोंडावर. राहू दे त्याला." वहीतल्या शेऱ्याखाली वेगळ्या शाईने एक ओळ आहे: "नंतर स्वतःहून बोलला."

पुढच्या काळाविषयी फारसे हाती लागत नाही. त्यानंतरच्या सात वर्षांत आणखी चार मुलांच्या नावांपुढे "किब्ल्याकडे तोंड करून" असे आढळते, आणि ती चारही मुले काही दिवस दौलतच्या भात्यावर बसत असत असे विश्रामच्या घरी सांगतात. त्याला पुरावा नाही. अशक्यही काही नाही. घरवहीच्या नव्या पानांवर मौलवीसाहेबांच्या हाताची एक सूचना आहे, की नेमलेल्या घराने दोन दिवस मुलगा न आल्यास मदरशात निरोप पाठवावा, संकोच करू नये. दौलत केव्हा वारला ते कळत नाही. शेवटच्या वर्षांत त्याला खोकला होता. इद्रिसने अठरा भाग पुरे केले का, हेही वहीवरून ठरवता येत नाही, कारण ती पाने वाळवीने खाल्ली आहेत.

परीक्षेच्याच दिवशी असरनंतर जे घडले ते मात्र रुकय्याबीच्या घरी आजही सांगतात. कागदाचा आधार त्याला नाही, आणि सांगणारे दर वेळी ते थोडे निराळे सांगतात. त्यातल्या त्यात जे बदलत नाही तेवढेच इथे देतो.

गल्ली त्या दिवशीही लांब झाली. पडदा हलत होता. इद्रिस बराच वेळ उभा राहिला, इतका की समोरच्या ओट्यावरची म्हातारी त्याला चोर समजून निरखू लागली. मग त्याने सलाम केला. पहिला सलाम त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. दुसरा आत गेला.

आतले भांड्यांचे आवाज थांबले.

"कोण?"

"मदरशातून. इद्रिस."

"कुठं मेला होतास रे चार महिने?"

"तळ्यावर."

"माझ्या भातात काय खडे होते?"

"मी खाल्लाच नाही, तर मला काय माहीत."

आतून हसू फुटल्यासारखा आवाज आला, आणि तो दाबल्यासारखा. पडद्याखालून हात बाहेर आला, काचेच्या बांगड्यांचा, पिठाने माखलेला.

"आण इकडं. भात आहे. आणखी काय पाहिजे?"

इद्रिसने विचार केला. या प्रश्नाला मान हलवून उत्तर देता आले असते, पण पडद्यापलीकडून ते तिला दिसले नसते.

"कालवण असेल तर ते," तो म्हणाला. "आणि भात जरा जास्त."